लेकीला चिनी शिकायला जायचंय, तर…

कुणी भांडी घासता घासता ऐकत असाल, कुणी बैठकीत मधोमध मोबाईल ठेवून. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे चिनी भाषा, आणि ती शिकायला परदेशी जाणं.

हा विषय आम्ही उगाच काढलेला नाही. मागे आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते झाले, वहीवर सह्या झाल्या. मग एक मावशी म्हणाल्या, "मला दीड लाख कर्ज पाहिजे." सगळ्या गप्प. आमच्या गटात आजवर एवढं मोठं कर्ज कुणी मागितलं नव्हतं. शेळीसाठी मागितलंय, शिवणयंत्रासाठी मागितलंय, बाळंतपणासाठी मागितलंय.

मावशींची लेक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लोकलनं कॉलेजला जाते आणि गाडीत बसल्या बसल्या वर्षभर मोबाईलवर चिनी शिकते आहे. तिला एक एजंट भेटला. तो म्हणाला, चीनमध्ये दोन महिन्यांचा उन्हाळी वर्ग आहे. तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं. परत आलीस की दुभाषी म्हणून महिना साठ हजारांची नोकरी पक्की. मात्र जागा धरायला तीन दिवसांत वीस हजार भर. मावशींनी गळ्यातल्या गंठणाला हात लावला आणि म्हणाल्या, "तुम्ही नाही दिलंत तर मी हे मोडते."

पोरीच्या शिक्षणाला नाही म्हणायला जीभ वळेना, आणि हो म्हणायचं तर कशाला हो म्हणतोय ते समजून घ्यायला हवं होतं. आम्ही आठ दिवस मागून घेतले. शिकलेल्या लोकांना भेटलो, विचारलं, वाचलं. त्या आठ दिवसांत जे कळलं ते आज सांगतो. उद्या तुमच्या गटातही अशी लेक निघेल.

भाषेत राहून शिकणं म्हणजे काय

वर्गात आठवड्याला दोन तास भाषा शिकणं वेगळं, आणि त्या भाषेच्या गावात जाऊन राहणं वेगळं. हे आपल्याला समजावून सांगायला नको. दुसऱ्या जिल्ह्यातून, कधी दुसऱ्या राज्यातून आपल्याकडे सून येते. पहिले चार महिने ती बुजलेली असते. मग पाणी भरताना, भाकरी थापताना, आवणीच्या चिखलात बायकांच्या गप्पा ऐकताना भाषा तिच्या कानात उतरते. वर्षभरात ती आपल्यासारखीच बोलते. तिला व्याकरण कुणी शिकवलेलं नसतं. बोलल्याशिवाय तिचा दिवसच जात नसतो, म्हणून ती शिकते.

परदेशातले उन्हाळी भाषावर्ग याच तत्त्वावर चालतात. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात मिडलबरी नावाचं कॉलेज आहे. तिथे १९१५ पासून उन्हाळ्यात असे भाषावर्ग भरतात. तिथे विद्यार्थी आल्या आल्या लेखी शपथ घेतात की, इथे आहोत तोवर फक्त शिकायच्या भाषेतच बोलू. वर्गात, जेवताना, खेळताना, भांडतानासुद्धा. चीन आणि तैवानमधल्या कित्येक विद्यापीठांत असे वर्ग जून ते ऑगस्टमध्ये भरतात, चार ते आठ आठवड्यांचे. आधी परीक्षा घेऊन कुणाला किती येतं ते पाहतात आणि तसे गट पाडतात. सकाळी तीन-चार तास वर्ग. दुपारी तिथल्याच एखाद्या विद्यार्थ्याबरोबर जोडीनं बोलण्याचा सराव. संध्याकाळी लिहिण्याचा अभ्यास. मधूनच बाजारात पाठवतात, भाजीचा भाव विचारून या म्हणून. आठवड्याच्या शेवटी परीक्षा. काही ठिकाणी तिथल्या कुटुंबात राहायची सोय असते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पाण्यात पडलं की पोहता येतं असं आपण म्हणतो, तरी आपले जुने लोक पोराला विहिरीत उतरवताना पाठीला सुका भोपळा बांधायचे. नुसतं ढकललं तर पोर बुडतं. आपल्या कातकरी वाडीतलं सहा वर्षांचं लेकरू शाळेत जातं. घरी कातकरी बोली, शाळेत पुस्तकातली मराठी. तेही परक्या भाषेत बुडवलेलंच असतं, पण त्याला भोपळा कुणी बांधत नाही. मग ते मागच्या ओळीत गप्प बसून राहतं आणि आपण म्हणतो, याला अभ्यासात गोडी नाही. जिथे बाई त्याच्या बोलीतले चार शब्द शिकून घेतात, चुकलं तरी हसू देत नाहीत, तिथे तेच लेकरू घडाघडा बोलतं. म्हणून लेकीला कुठे पाठवायचं झालं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: तिथे भोपळा कोण बांधणार? शिकवणारं कोण, किती तास, वर्गात मुलं किती?

सोलापूरचे डॉक्टर कोटणीस

आता तुम्ही म्हणाल, मराठी माणसाला चिनी जमेल का? जमलेली आहे, आणि तीही आजच्या काळात नव्हे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापूरला झाला. मुंबईत ते डॉक्टरकी शिकले. त्या काळात जपाननं चीनवर हल्ला केला होता. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनच्या मदतीला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे कोटणीसही होते. सप्टेंबरमध्ये मुंबईहून बोटीनं ते निघाले.

तिथे समोर जखमी शिपाई. कुठे दुखतंय ते तो सांगणार चिनीत, डॉक्टरांना समजून घ्यायचं चिनीत, आणि नर्सला सांगायचं तेही चिनीतच. शब्द चुकला तर माणूस जाईल. अशा जागी भाषा शिकणं ही हौस राहत नाही. कोटणीस चिनी बोलायला शिकले, वाचायला-लिहायला शिकले, आणि पुढे चिनी विद्यार्थ्यांना चिनीतूनच वैद्यकी शिकवू लागले. १९४१ मध्ये ते तिथल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. नर्सिंग शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मुलगा काही महिन्यांचा असतानाच, ९ डिसेंबर १९४२ ला, कोटणीस फिट येऊन गेले. वय अवघं ३२. चिनी लोक त्यांना के दीहुआ या नावानं ओळखतात. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला होता.

दुसरे वसंत परांजपे. स्वातंत्र्य मिळालं त्या १९४७ साली सरकारी शिष्यवृत्तीवर ते चीनला चिनी शिकायला गेले. १९५४ मध्ये पंडित नेहरू चीनला जाऊन माओंना भेटले, तेव्हा दोघांच्या मध्ये दुभाषी म्हणून हे परांजपे होते.

आम्ही या दोघांची वर्षं मोजली. कोटणीस चार वर्षं त्या भाषेत राहिले. परांजपे शिकायला गेले आणि मोठ्या माणसांच्या बोलण्यात दुभाषी झाले, यात सात वर्षं गेली. मग दोन महिन्यांत दुभाषी कसा होईल? एजंटाचं बोलणं इथेच उघडं पडलं. दोन महिन्यांचा वर्ग ही चांगली सुरुवात होऊ शकते, पण ती सुरुवातच.

भाषा अवघड आहे का?

थोडी अवघड, थोडी आपल्या ओळखीची. चीनमध्ये बोली खूप आहेत, पण शाळेत आणि कचेरीत चालते ती मँडरिन. आपण चिनी म्हणतो ती बहुधा हीच.

अवघड काय ते आधी सांगतो. या भाषेत शब्द कुठल्या सुरात म्हटला त्यावर अर्थ बदलतो. मुख्य सूर चार. 'मा' सरळ उंच सुरात म्हटलं तर आई. सूर खालून वर नेला तर ताग-अंबाडीसारखं एक रोप. खाली नेऊन पुन्हा वर आणला तर घोडा. वरून झटकन खाली टाकला तर शिव्या देणं. म्हणजे आईला हाक मारायला जावं आणि घोडा म्हणून बसावं. मोबाईलवर शिकताना हे सूर आपले आपल्याला कळत नाहीत. समोरच्याचं तोंड वेडंवाकडं झालं की कळतं. म्हणूनच माणसांत जाऊन शिकण्याला किंमत आहे.

दुसरी अवघड गोष्ट लिपी. आपल्यासारखी बाराखडी नाही. प्रत्येक चिन्ह वेगळं, आणि वर्तमानपत्र वाचायचं तर दोन-तीन हजार चिन्हं ओळखता यावी लागतात. पण काही चिन्हं अशी आहेत की एकदा पाहिली की विसरत नाहीत. एका झाडाचं चिन्ह म्हणजे झाड, दोन झाडं शेजारी म्हणजे राई, तीन झाडं म्हणजे रान. माणसाच्या चिन्हाशेजारी झाड काढलं की विसावा. आवणीवरून थकून बांधावरच्या झाडाला टेकणारी बाई डोळ्यांपुढे आणा, चिन्ह लक्षात राहील. बाई आणि लेकरू शेजारी काढलं की 'हाओ', म्हणजे चांगलं. 'नी हाओ' या नमस्कारातला हाओ तो हाच.

आता सोपं काय? क्रियापदाची रूपं नाहीत. मी गेलो, ती गेली, ते गेले अशी भानगड नाही. आणि उच्चारात आपण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या पुढे आहोत. चिनीत 'प' आणि 'फ' वेगळे, 'त' आणि 'थ' वेगळे, 'क' आणि 'ख' वेगळे. आपल्याला हा फरक पाळण्यातला. 'चूल'मधला च वेगळा आणि 'चहा'मधला च वेगळा, हे आपल्या तीन वर्षांच्या पोरालाही कळतं. चिनीतही साधारण असे दोन वेगळे उच्चार आहेत. जीभ वळवून करायचा तिसरा एक आहे, तो मात्र शिकावा लागतो.

नात्यांची तर गंमतच आहे. इंग्रजीत काका, मामा सगळे अंकल. चिनीत तसं नाही. आपल्यासारखाच वडिलांचा भाऊ वेगळा आणि आईचा भाऊ वेगळा. शिवाय थोरली बहीण आणि धाकटी बहीण यांना वेगवेगळे शब्द. बाबाला ते बाबाच म्हणतात. पण 'मामा' म्हणजे त्यांच्याकडे आई, आणि 'दीदी' म्हणजे धाकटा भाऊ! मावशींच्या लेकीनं हे बैठकीत सांगितलं तेव्हा हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि भेटल्यावर 'जेवलात का?' असं विचारून खुशाली घ्यायची पद्धत तिकडेही आहे. आपला चहा तर शब्दासकट तिकडूनच आलेला.

आधी इथे, मग तिथे

सगळ्या जाणत्या माणसांनी आम्हाला एकच सांगितलं. कोरी पाटी घेऊन जाऊ नये. दोन महिन्यांतले पहिले तीन आठवडे सूर आणि आकडे शिकण्यात गेले तर खर्च वाया. तेवढं घरी बसून होतं. चिनीची एक सरकारमान्य परीक्षा असते, एचएसके. तिच्या सहा पायऱ्यांच्या पद्धतीत पहिल्या पायरीला १५० शब्द लागतात, दुसरीला ३००, तिसरीला ६००, चौथीला १२००. २०२१ मध्ये नऊ पातळ्यांचा नवा आराखडा जाहीर झाला आहे, म्हणून फॉर्म भरताना सध्याचा अभ्यासक्रम पाहून घ्यावा. निदान दुसरी पायरी झाल्यावर गेलेली मुलगी तिथे पहिल्या दिवसापासून बोलू लागते.

ज्यांच्या मुली अजून बारावीत आहेत त्यांनी आणखी एक ऐका. चिनी घेऊन पदवी आपल्या देशातही करता येते. बंगालमध्ये शांतिनिकेतनला चीना भवन १९३७ पासून आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बारावीनंतर चिनी घेऊन बी.ए. करता येतं. प्रवेश सीयूईटी परीक्षेतून मिळतो आणि फी खासगी कॉलेजांच्या मानानं फार कमी आहे. शिष्यवृत्त्याही आहेत. चीन सरकार देतं, तैवानचं सरकारही देतं. अर्ज मुदतीआधी करावा लागतो, आणि त्यासाठी एजंट लागत नाही.

चीन की तैवान, हेही आधी ठरवावं. बोलणं जवळपास एकच, पण चीनमध्ये लिपी सोपी केलेली आहे आणि तैवानमध्ये जुनी, जास्त रेघांची. पुढे काम कुठे करायचं आहे त्यावर ते ठरतं.

गटानं विचारायचे प्रश्न

हे वहीत लिहून घ्या.

पहिला: विद्यापीठाचं नाव काय, आणि प्रवेशाचं पत्र विद्यापीठानं दिलंय का? एजंटाच्या कागदावरचं पत्र चालत नाही. पत्रावरचा पत्ता, ईमेल विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ताडून पाहायचा.

दुसरा: पैसे कुणाच्या खात्यात जाणार? फी विद्यापीठाच्या खात्यात. माणसाच्या नावावर नाही, आणि रोख तर मुळीच नाही.

तिसरा: फीत काय काय येतं? राहणं, जेवण, विमा, पुस्तकं, विमानाचं जाण्याचं आणि येण्याचंही तिकीट, या सगळ्यांचे आकडे वेगवेगळे मागायचे.

चौथा: व्हिसा कोणता? चीनमध्ये सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षणासाठी एक्स-टू नावाचा व्हिसा असतो. 'पर्यटक म्हणून जाऊ, मग बघू' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबायचं.

पाचवा प्रश्न आईचा: लेकीशी बोलायचं कसं? चीनमध्ये आपलं व्हॉट्सॲप तिथल्या इंटरनेटवर चालत नाही. तिकडे लोक वापरतात ते वीचॅट, आणि त्याच्यावर आपल्याकडे २०२० पासून बंदी आहे. म्हणून रोमिंगचं कार्ड घ्यायचं की साधा फोन लावायचा, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे निघण्याआधी ठरवायचं. चीनचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. आपण रात्री नऊला फोन लावला तर तिकडे साडेअकरा वाजलेले असतात. बीजिंगमध्ये भारताची वकिलात आहे, शांघाय आणि ग्वांगजौमध्येही कचेऱ्या आहेत. ते नंबर लेकीच्या पिशवीत एक आणि आईच्या वहीत एक.

सहावा: दोन महिन्यांनी आल्यावर पुढे काय? तिथून आल्यावर बोलणं ठेवलं नाही तर भाषा गंजते. एजंट नोकरी पक्की म्हणत असेल तर कोणत्या कंपनीत, ते लेखी मागायचं.

मग आमचं काय ठरलं

आम्ही एजंटाला फोन लावला आणि विद्यापीठाचं पत्र मागितलं. तो म्हणाला, पैसे आले की पत्र. आम्ही म्हटलं, पत्र आलं की पैसे. त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही. लेक दोन दिवस जेवली नाही. तिला वाटलं, आपली एकुलती एक वाट गटानं बंद केली. मावशीही आमच्याशी नीट बोलत नव्हत्या.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं लेकीला समोर बसवून सांगितलं. तिनं कोटणीसांची वर्षं मोजली, एचएसकेच्या पायऱ्या मोजल्या, आणि म्हणाली, "मी पहिलीच पायरी केलीय." मग ठराव झाला. दीड लाख नाही. पासपोर्टची फी १,५०० रुपये आणि पुढच्या पायरीच्या परीक्षेचा खर्च मिळून ५,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज, मावशींच्या नावे. परीक्षा झाली की शिष्यवृत्तीचा अर्ज. शिष्यवृत्ती मिळाली तर वरच्या खर्चासाठी गट पुन्हा बसेल. गंठण मावशींच्या गळ्यात राहिलं.

एक अडचण मात्र मावशींनी शेवटी काढली. वर्ग जून ते ऑगस्ट. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपली आवणी. "पोर तिकडे गेली तर माझ्या खाचरात रोप कोण लावणार?" हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, पण आपल्याकडे मुलींचं शिक्षण बऱ्याचदा इथेच अडतं. गटातल्या दहा जणींनी एक दिवस मावशींच्या शेतावर जायचं, असंही वहीत लिहून घेतलं. कर्जाच्या ठरावाखालीच.

लेक जाईल की नाही, ते परीक्षेवर आणि शिष्यवृत्तीवर आहे. सध्या ती दर बैठकीत आम्हाला एक चिन्ह शिकवते. मागच्या वेळी वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकीनं बाई काढली, शेजारी लेकरू काढलं. हाओ. अंगठा उठवणाऱ्या आजींनीही काढलं. त्यांचं सगळ्यांत ठसठशीत आलं.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात कुणी परदेशी शिक्षणाचा कागद घेऊन आला, तर पैसे देण्याआधी तो कागद गटाच्या बैठकीत आणा. दहा जणींनी मिळून वाचलेला कागद फसवत नाही.